खुदैरच्या नावाचं काळं कापड

जासिबला घाबरायला फारसं कारण लागत नसे, आणि त्या वर्षी बसऱ्याच्या उत्तरेकडच्या अमारा शहरात कारणांना तोटाही नव्हता. गोऱ्या सैनिकांच्या चिलखती गाड्या पुलावरून खाली उतरल्या की तो दुकानाचं शटर अर्धं ओढायचा, आणि धर्मगुरू सय्यद अदनानच्या काळ्या कपड्यांतल्या पोरांचा पिकअप दिसला की उरलेलं अर्धं. बायको म्हणायची, "तुमच्या दुकानाला दार नाही, पापणी आहे."

धंदा मात्र असा, की भीतीबरोबर गिऱ्हाइकंही वाढत. तो मयतीचे फलक लिहायचा. कुणी गेलं की घरचे दोन वार काळं कापड घेऊन येत. वर पांढऱ्या रंगात कुराणातली आयत, मधोमध पिवळ्या रंगात मयताचं नाव, बापाचं नाव, कूळ, मरण कसं आलं ते, आणि खाली फातिहा, म्हणजे मयतीची बैठक, कुठे आणि कधीपासून. हे कापड गल्लीच्या तोंडाशी टांगलं की मगच माणूस मेला असं शहर धरायचं. तोपर्यंत नुसती कुजबुज.

त्या गुरुवारी सकाळी सय्यदांच्या कचेरीतला हाजी फालिह दुकानात आला. सरकार पळालं तेव्हापासून पीठ, गॅसची टाकी, नवरा-बायकोची भांडणं, चोराची शिक्षा, सगळं त्या कचेरीतूनच व्हायचं आणि कचेरी चालायची ती हाजीच्या बोटावर. माणूस तोंडाचा फार गोड. जासिबने लगबगीने स्टूल पुसून पुढे केलं, शेजारून चहा मागवला.

"उस्ताद, तब्येत काय म्हणते?"

"तुमच्या कृपेनं बरी आहे, हाजीसाहेब."

"एक फलक हवाय. घाई नाही. शनिवारी सकाळी मिळाला तरी चालेल."

जासिबने सवयीने ब्रश उचलला आणि सवयीनेच विचारलं, "मयताचं नाव?"

"खुदैर अब्बास."

ब्रश रंगाच्या डब्यावरच थांबला. "कोणता खुदैर अब्बास?"

"तुझाच की रे. तुझ्या बहिणीचा नवरा." हाजीने चहात साखर ढवळली. "फातिहा शनिवार दुपारपासून तीन दिवस. म्हटलं, घरच्याच माणसानं लिहिलेलं बरं. दोनदा निरोप धाडला होता त्याला. गोऱ्यांच्या छावणीतले जनरेटर दुरुस्त करू नकोस म्हणून. ऐकत नाही म्हटल्यावर आपण तरी काय करणार?"

तासाभरापूर्वी हाच खुदैर या दुकानावरून सायकलने गेला होता. हातात सायीची थाळी होती, आणि "काय मेव्हणे, आज कुणाला मारताय?" असं ओरडून हसलाही होता.

हाजी गेल्यावर जासिब भिंतीला टेकून खालीच बसला. मागच्या महिन्यातही असाच एक फलक आला होता, दोन दिवस पुढच्या तारखेचा. छावणीत दुभाषाचं काम करणाऱ्या एका मास्तराचा. जासिबने तो मुकाट लिहून दिला होता आणि ठरल्या दिवशी तो टांगलाही गेला होता. त्याने ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पण तो मास्तर परका होता. खुदैर आपल्या नझीमाचा नवरा. आता गप्प बसलं तर बहीण विधवा, आणि तोंड उघडलं तर आपली बायको. देवा, मी काय पाप केलं होतं, असं तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

दुपारी तो लपतछपत बहिणीकडे गेला. नझीमा रडली नाही. ती लहानपणापासून भावापेक्षा धीट. खुदैर मात्र पांढराफटक पडला, त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली. खुदैरची म्हातारी आई, हसना, तांदूळ निवडता निवडता थांबली.

"रातोरात पळू का?" खुदैर म्हणाला.

"कुठे पळशील? बसऱ्यापर्यंत यांचीच नाकी आहेत," जासिब म्हणाला. "पळालास की शोधत येतील."

"दादा," नझीमा म्हणाली, "फलक आजच लाव."

"काय बोलतेस?"

"मेलेल्याला कोण शोधतं? शनिवारी ते मारणार, आपण गुरुवारीच मारून टाकू. बसऱ्याच्या रस्त्यावर गोऱ्यांच्या गाडीनं गोळी घातली म्हणायचं. रोज कुणी ना कुणी मरतंच आहे तसं."

 दुसरा उपाय जासिबला सुचत नव्हता, आणि सुचला असता तरी तो अमलात आणायची हिंमत कुणाच्या अंगात होती?

मग सगळं भराभर झालं. मोहल्ल्याच्या हुसैनियातून, म्हणजे शोकसभेच्या दालनातून, शवपेटी आणली. ती लाकडी पेटी साऱ्या वस्तीची एकच. मयताला नजफला पोचवून रिकामी परत यायची. तिच्यात दोन ओल्या गाद्या भरून झाकण ठोकलं. तोंड बघवत नाही, असं सांगितल्यावर उघडा म्हणायचं कुणी धाडस केलं नाही. नजफच्या पवित्र मातीत दफन झाल्याशिवाय त्या भागात कुणाच्या जिवाला शांती नाही, त्यामुळे टॅक्सीच्या टपावर पेटी बांधून गाडी निघाली यातही कुणाला नवल वाटलं नाही. टॅक्सीवाला नझीमाचा चुलतभाऊ, विश्वासातला. आणि त्याच वेळी बोरूच्या मोळ्यांनी भरलेला एक ट्रक उलट दिशेला, पाणथळीतल्या, खुदैरच्या मावशीच्या गावाकडे निघाला. मोळ्यांच्या खाली खुदैर होता.

म्हातारीने सगळं ऐकलंच होतं. नाहीतरी आईला पोराचं खोटं मरण खरं म्हणून सांगायला कुणाची जीभ वळणार? पण खुदैरच्या धाकट्या भावाला, सत्तारला, सांगितलं नाही. पंचविशीतला, मनाचा भाबडा, पण जिभेला कडी नाही. चहाच्या टपरीवर बसला की घरातली मीठमिरचीही बाहेर. नझीमा म्हणाली, "दोन दिवस रडू दे त्याला. घरात एकाचं तरी रडणं खरं दिसायला हवं." जासिबला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

सूर्य मावळायच्या आत फलक गल्लीच्या तोंडाशी लागला. लिहिताना जासिबने इतकी घाई केली की खुदैरच्या नावाचं शेवटचं अक्षर खाली ओघळलं. तेवढ्यात हाजी फालिह आलाच. कंबरेवर हात ठेवून त्याने सगळा मजकूर वाचला.

"म्हणजे आमच्या आधी त्यांनीच उरकलं म्हणायचं," तो म्हणाला.

जासिबने फलकाची दोरी उगाच आवळली.

"देवाची करणी बघ, उस्ताद. ज्यांची चाकरी केली त्यांच्याच हातून." हाजीने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "घाम पूस. फार घाम आलाय तुला."

हाजीला कळलं होतं की नव्हतं, हे जासिबला आजही सांगता येत नाही. कळलं असेल तरी त्याला त्याचं काय? गद्दार मेला तर एक धडा, पण गोऱ्यांनी मारला तर शहीद. कचेरीला धड्यापेक्षा शहीद नेहमीच जास्त उपयोगाचा.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. सय्यद अदनान मरायची तयारी म्हणून खांद्यावर पांढरं कफन टाकून उभे राहिले. वय जेमतेम पस्तीस, आवाज कधी चढत नसे, आणि तो हळू आवाज ऐकायला हजारो माणसं श्वास धरून बसत. "एक गरीब कारागीर," ते म्हणाले. "पोटासाठी परक्यांच्या घरात दिवे लावायचा. त्याचाच दिवा त्यांनी विझवला. मला सांगा, खुदैर अब्बासचं रक्त कुणाचं?"

"आमचं!" मैदान गरजलं.

खुदैरला कधी डोळ्यांनीही न पाहिलेली माणसं छाती बडवून रडत होती. जासिबही छाती बडवत होता, कारण उजव्या हाताला हाजी फालिह बसला होता. आपण लिहिलेली दोन ओळींची थाप आता आपल्या हातात राहिली नाही, हे त्याला कळून चुकलं.

नमाजानंतर सय्यद स्वतः फातिह्याच्या तंबूत आले. गल्लीत खुर्च्यांच्या रांगा, कडू कॉफीचा एकच पेला हातोहात फिरत होता. सत्तार त्यांच्या पायाशी बसला. एका रात्रीत त्याच्या डोळ्यांच्या खोबण्या झाल्या होत्या. त्याने सय्यदांचा हात कपाळाला लावला. "परवानगी द्या, सय्यद. मला छावणीवर जायचंय."

सय्यद जा म्हणाले नाहीत. जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. डोळे मिटून एवढंच बोलले, "भावाच्या रक्तावर पहिला हक्क भावाचा."

तेवढ्याने भागलं. तंबूच्या टोकाला पिकअप सुरू झाले.

बायकांच्या बाजूच्या पडद्याआडून कुणीतरी जासिबच्या बाहीला हिसका दिला. हसना होती. शेजारणी म्हणत होत्या की दुःखाने म्हातारीचा दगड झाला, रडूच फुटत नाही. आता तिने बाही सोडलीच नाही.

"त्याला सांग, बाबा. आत्ताच्या आत्ता. मला पुरुषांत जाता येत नाही. काय व्हायचं ते होऊ दे, पण सत्तारला सांग."

"सांगतो, मावशी."

"माझी शपथ आहे तुला."

"सांगतो म्हटलं ना!"

आणि तो खरोखरच सांगायला निघाला. खुर्च्यांना ठेचा खात, लोकांना ढकलत पिकअपपर्यंत पोचला. सत्तार मागच्या फळीवर बसून कपाळाला काळी पट्टी बांधत होता, मांडीवर कुणाची तरी बंदूक. जासिबने त्याची मान खाली ओढली आणि कानाशी तोंड नेलं. तीन शब्दांचं काम होतं. खुदैर जिवंत आहे. एवढंच म्हणायचं होतं.

"काय उस्ताद?" पाठीमागून हाजी फालिहचा गोड आवाज आला. "कानात काय चाललंय? आम्हालाही ऐकू दे की."

जासिबने वळून पाहिलं. हाजी हसत होता. त्याच्या मागे काळ्या कपड्यांतली चार पोरं उभी होती आणि तीही हसत होती. जासिबला पाणथळीतली खुदैरच्या मावशीची झोपडी दिसली, तिच्या दारात थांबलेला पिकअप दिसला, मग आपलं दुकान दिसलं आणि दुकानात आपली बायको.  सत्तार वाट बघत होता.

"काही नाही," जासिब म्हणाला. "म्हटलं, जपून जा."

सत्तारने त्याला मिठी मारली. "दादा, तुम्ही स्वतःच्या हातानं भावाचा फलक लिहिलात. हे मी विसरणार नाही." गाडी सुटली, पोरं आरोळ्या देत होती, आणि धूळ खाली बसेपर्यंत जासिब तिथेच उभा होता.

मागे वळायला त्याला फार वेळ लागला. पडद्याजवळून जाताना त्याने मान खाली घातली. छावणीच्या बाजूने आधी फटाक्यांसारखा आवाज आला, मग मोठ्या तोफगाड्यांचा, आणि तंबूतला कुराण म्हणणारा मध्येच गप्प झाला. तासाभराने सगळंच थांबलं.

ऊन उतरताना सात जण परत आले, फळीवर आडवे. सत्तारचा चेहरा जसाच्या तसा होता. त्याला अंगणात आणून चटईवर ठेवलं तेव्हा हसनाच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. आदल्या दिवसापासून न आलेलं रडू सगळं एकदम आलं. नझीमा भिंतीला डोकं आपटत होती, आणि भावाकडे बघायचं टाळत होती.

हाजी आणि त्याची पोरं बाहेर सय्यदांच्या नावाने घोषणा देत होती. अंगणात घरच्यांखेरीज कुणी नव्हतं. तिथे जासिबने भ्यावं असं कुणी नव्हतं, एक म्हातारी सोडली तर.

हसनाने मान वर केली. "सांगितलं होतंस ना त्याला?"

अजूनही वेळ होती. निदान हिला तरी खरं सांगता आलं असतं.

"हो, मावशी," जासिब म्हणाला. "सांगितलं होतं."

"खुदैर जिता आहे म्हणून?"

"हो."

"आणि तरी गेला?"

"तरी गेला."

 म्हातारीने वाकून सत्तारच्या थंडगार गालावर एक चापट मारली. "लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "कुणाचं म्हणून ऐकायचा नाही." आणि त्याच गालावर आपला गाल टेकवून ती त्याला रागावत राहिली.