दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सत्ता येते, हे मला ठाऊक आहे. माझं जरा उलटं होतं. माझ्यावर जो बसे, त्याचा अधिकार तो उठेपर्यंत बंद असे.

माझा जन्म कॅन्ससमधला. ब्रॅडिश कॉलेजच्या फुटबॉल मैदानात पूर्वी लाकडी बाकं होती. तिकडच्या फुटबॉलात चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो आणि पायांपेक्षा खांद्यांना काम जास्त. दर शनिवारी गावकरी त्या बाकांवर कुडकुडत बसायचे आणि पंचांच्या दृष्टीबद्दल काळजी व्यक्त करायचे. पुढे ॲल्युमिनियमची बाकं आली. जुनी लाकडं निघाली, तेव्हा कॉलेजच्या क्रीडाप्रमुख आयोना प्रुइट यांनी त्यांतल्या एका चांगल्या फळीतून मला घडवून घेतलं.

त्याच सुमारास आयोनाबाईंची निवड समितीवर नेमणूक झाली. ही समिती हंगामाच्या शेवटी एका हॉटेलात बसून सर्वांत चांगले चार संघ निवडायची. ते चार संघ मग अजिंक्यपदासाठी आपसांत झुंजायचे. कॉलेजं इतकी, की सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं ठरवलं असतं तर निकाल खेळाडूंच्या नातवंडांना कळला असता. म्हणून काही वडीलधारी मंडळी कॉफी पीत ते ठरवत असत.

बाईंनी मला समितीला भेट म्हणून नेलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, पाठीवरून हात फिरवला आणि आपापल्या गुबगुबीत कातडी खुर्चीत जाऊन बसले. मला ठेवायला जागा सापडेना. देणारी समोर बसलेली, त्यामुळे फेकताही येईना.

तेव्हा समितीचं काम कसं चालायचं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं कॉलेज मोठं. जो तो आपल्याच संघाची आरती ओवाळायचा. आयोनाबाईंनी पहिल्याच बैठकीत सुचवलं, "ज्याच्या कॉलेजचा विषय निघेल, त्यानं खोलीबाहेर जायचं. चर्चा होईस्तोवर आत यायचं नाही."

समितीचे अध्यक्ष ड्वेन स्टॉलिंग्ज हे एका बड्या विद्यापीठाचे. माणूस हसरा. ते म्हणाले, "आणि बाहेर जाऊन काय करायचं, आयोना? भजनं म्हणायची?"

"बसायचं. खुर्ची मी दिलीय ना."

सगळे हसले आणि नियम मंजूर झाला. मला दाराबाहेर ठेवण्यात आलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की आता खरा न्याय होणार. त्या लेखाबरोबर माझा फोटो होता. मित्रांनो, मी फार फुगले. लाकडाला पाणी लागलं की फुगतं तसं नव्हे, वेगळं.

पुढची काही वर्षं मोठमोठी माणसं माझ्यावर बसून गेली. एक जण दाराला कान लावायचे. ते दार इतकं जाड होतं, की त्यांना स्वतःच्याच कानातलं ऐकू येई. बड्या विद्यापीठांची माणसं मात्र पाय पसरून निवांत टेकायची. मला वाटे, किती हा न्यायावर विश्वास. त्यांचे सामने दर शनिवारी देशभर टीव्हीवर दिसतात, आतल्या प्रत्येकानं ते पाहिलेले असतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि सांगायला वाईट वाटतं, बाईंच्याही आलं नाही.

मग एका वर्षी ब्रॅडिशचा संघ एकही सामना हरला नाही. लहान गाव, धान्याच्या कोठारामागचं मैदान, सामन्याचं वर्णन फक्त गावच्या रेडिओवर. पण पोरं अशी खेळली की बोलायची सोय नाही. त्यातल्या बहुतेकांचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. आयोनाबाईंनी प्रत्येक सामना मैदानावर उभं राहून पाहिला होता.

हॉटेलात ब्रॅडिशचं नाव निघालं आणि बाई उठून बाहेर आल्या. माझ्यावर अगदी कडेला बसल्या, आता कुणी हाक मारेल अशा. गळ्यातल्या मफलरची टोकं त्या पिळत होत्या. त्यांची कॉफी अजून निवली नव्हती, तोच दार उघडलं.

"चल आत," ड्वेन म्हणाले.

"इतक्यात? चर्चा झाली?"

"झाली म्हणजे, चांगलं बोलले गं सगळे. पोरं गुणी आहेत म्हणाले. पण त्यांचा सामना पाहिलाय कुणी? शनिवारी आमचेही सामने असतात, आयोना. मतं पडली. पाचवा नंबर."

"मी पाहिलेत. सगळेच्या सगळे."

"माहितीय," ड्वेन हळूच म्हणाले. "पण तू बाहेर होतीस."

आयोनाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला आत येऊ द्या. मत देत नाही, फक्त काय पाहिलं ते सांगते."

"नियम तुझा आहे, बाई. तूच मोडलास तर उद्या प्रत्येक जण मोडेल."

हे खरंच होतं. म्हणून तर ते इतकं लागलं.

थोड्या वेळानं, बाई अजून बाहेरच असताना, ब्रॅडिशच्या कोच मेबरींचा फोन आला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, कारण कोच लोकांना हळू बोलता येत नाही. "बाई, पोरं निकालासाठी जेवायची थांबलीत. काय सांगू त्यांना?"

"जेवू दे आधी," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बाईंनी नियम सुधारून घेतला. ज्याच्या कॉलेजचा विषय असेल, त्यानं आधी आत बसून पाहिलेलं सांगायचं, विचारतील त्याची उत्तरं द्यायची आणि मगच बाहेर जायचं. कुणीही विरोध केला नाही. वर्तमानपत्रांनी पुन्हा न्यायाचं स्वागत केलं. पण ब्रॅडिशची ती पोरं तोवर नोकरीधंद्याला लागली होती. तसा संघ त्या कॉलेजात पुन्हा झाला नाही.

पुढे हॉटेलनं फर्निचर बदललं, तेव्हा बाईंनी मला परत मागून घेतलं. आता मी त्यांच्या घराच्या पडवीत असते. माझा एक पाय डगमगतो. दर शनिवारी त्या माझ्यावर बसून रेडिओ ऐकतात. कधी त्या संघातला एखादा भेटायला येतो, आता पोट सुटलेला. मागच्या खेपेला एकानं विचारलं, "बाई, खरं सांगा, आम्ही होतो का तेवढे चांगले?"

"होतात रे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त झाला नाही तरी चालेल. पण पंक्तिभेद नको म्हणून कुणाला दाराबाहेर बसवायची वेळ आली, तर त्याला आधी आत बोलवा आणि त्यानं काय पाहिलंय ते विचारा. नंतर विचारून काय होतं, ते मी दर शनिवारी पाहते. आयोनाबाई अजूनही माझ्या कडेलाच बसतात.