मराठी : सरासरी एक्केचाळीस

घरी भिजत घातलेली मटकी. मोड अजून यायचे आहेत.

सिंगापुरात तांजोंग पगारच्या ऑफिसात साहेब म्हणतो, "मुकुल, तुझे चार्ट बोलतात."

गणिताचा पेपर, शेवटचं पान कोरं.

निळ्या पट्ट्या. उंच, उंच, उंच, बुटकी.

पडद्यावरच्या चार्टमध्ये बुटकीपाशी मुकुलची नजर अडकली. शनिवारची दुपार, शाळेच्या हॉलमध्ये पालकसभा. खासगी हायस्कूल, जेमतेम साठेक पोरं. निकालाचे चार्ट करायला शाळेकडे माणूस नव्हता, तेव्हा "मी देतो की" म्हणत मुकुलच हौसेने पुढे झाला होता. घरच्या भाषेप्रमाणे गणिताची सरासरी काढायची कल्पनाही त्याचीच. ऑफिसात त्याचे आकडे लाखोंचे. लाखोंत माणूस दिसत नाही. इथे दिसला, तोही चार्ट पडद्यावर आल्यावर. मराठीच्या पट्टीत एकच मूल होतं.

"बाबा, दॅट्स मी, लाह," शेजारी बसलेली श्रिया सिंगापुरी ढंगात पुटपुटली.

पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळली, श्रियाकडे बघून गोड हसली. ते हसू सर्वांत वाईट.

हाच चार्ट सोमवारी वेबसाइटवर जाईल, असं मुख्याध्यापिकेने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मुकुलला उठून पळावंसं वाटलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने निशिकांतला गाठलं. निशिकांत जहाजावरचा इंजिनियर. त्याचा सौमित्र वर्गात पहिला.

"निशिकांतराव, सौमित्रची भाषा मराठी करून घ्या ना. पट्टी वर जाईल, माझी पोर झाकली जाईल."

"अरे राजा, आम्ही घरची भाषा इंग्लिश सांगितलीय. ॲडमिशनला बरं पडतं म्हणे. त्या दुसऱ्या मराठी घरातल्या अभयने तेच केलं, बाकीच्या मराठी पालकांनीही. तू कशाला हरिश्चंद्र झालास?"

"अहो, चला की! तुमची बस काय तुमच्यासाठी थांबणारे?" जिन्यावरून सुलेखावहिनी ओरडल्या.

"आलो गं बाई!" म्हणत इंग्लिश घर खाली उतरलं.

घराकडे, वुडलँड्सला जाणाऱ्या एमआरटी मेट्रोत मुकुलने लॅपटॉप मांडीवर उघडला. पट्टी पुसली. परत आणली. रंग फिका केला. काही जमेना. स्टेशनं येत होती, जात होती. शेवटी त्याने मराठी हा शब्दच काढला आणि तिथे टाइप केलं : इतर.

"हे काय?" श्रिया वाकून बघत होती.

"आता कुणाला कळणार नाही."

"मला कळणार ना. आय'म अदर्स, इज इट?"

"अगं, लोक बघतात. सोमवारी तुलाच जायचंय त्या वर्गात."

"जाणारे मी. बट नॉट ॲज अदर्स." तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "आणि शेवटचं पान मी सोडलं कारण वेळ संपला. ढ नाहीये मी."

"मी कधी म्हटलं ढ?"

"तुमचा चार्ट म्हणाला."

दरवाजे उघडले, मिटले. श्रियाने एकेक अक्षर शोधत परत मराठी हा शब्द लिहिला. पट्टी होती तेवढीच बुटकी उभी राहिली. मग मुकुलने खाली एक ओळ जोडली : विद्यार्थी एक. पुन्हा खोडली. पुन्हा जोडली. आणि त्यांचं स्टेशन यायच्या आत चार्ट शाळेला पाठवून दिला.

प्रवेशाच्या दिवशी, घरी कोणती भाषा बोलता असं विचारल्यावर मुकुलच्या तोंडून "इंग्लिश" निघायच्या आत श्रियाच म्हणाली होती, "मराठी."