विमानवाल्याची लेक

"धर रे छगन, घट्ट धर!" पायलट ओरडला आणि छगनने विमानाची शेपटी दोन्ही हातांनी कवटाळली. इंजिन तापेपर्यंत विमान जागेवर धरून ठेवायचं, हीच त्याची नोकरी.

राहात्याजवळच्या माळावर मुंबईच्या एका शेठने ही एका विमानाची कंपनी काढली होती. साखर कारखान्यांचे साहेब, शिर्डीचे हौशी भक्त, सगळे ऐटीत उडाले. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, ऊस वाळला आणि साहेबलोक गुपचूप जीपने जाऊ लागले. आज विकलेलं विमान कायमचं चाललं होतं. छगनने हात सोडले. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला आणि रडला. रडण्याची त्याला लाज वाटली नाही.

लाज घरी बसली होती. घोडेगावचे गुरांचे दलाल कचरूअण्णा मुलाला, मच्छिंद्रला, घेऊन आले होते. विमानवाल्याची लेक म्हणून गीताला मागणी आली होती आणि आज सुपारी फुटायची होती.

"सुपारी फुटंस्तवर तोंड उघडू नगा," भागीरथीने नवऱ्याला चुलीपाशी दटावलं.

"आन लेकीनं जलमभर टोमनं खायचं?"

तो बाहेर येऊन बसला.

"इमान आत्ताच गेलं म्हना," कचरूअण्णा म्हणाले. "परत कवा येनार?"

"आता येत न्हाई, अण्णा. कंपनी बुडाली. मी आजपासनं रिकामा हाय."

आत भांडं आदळलं. अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"खरं सांगू? आमचा तरी बाजार कुठं भरतोय? चारा न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. म्हनलं, तुमच्या वळखीनं पोराला इमानात चिकटवावं."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि छगनला हसू फुटलं. अण्णाही हसले. पण हसून पोट भरत नाही. ताटातली सुपारी ताटातच राहिली.

गीता चहा घेऊन आली. मच्छिंद्रने कप चिमटीत धरला. त्याच्या तळव्यांवर ताजे फोड होते.

"हाताला काय झालं?" छगनने विचारलं.

"दुष्काळी कामावर खडी फोडतोय," मच्छिंद्र खालमानेने म्हणाला. "अण्णा सांगू नको म्हनले हुते."

गीता आत गेली ती वाटीत हळद-तेल घेऊन आली. वाटी तिने मच्छिंद्रपुढे ठेवली आणि सगळ्यांदेखत तिथेच उभी राहिली.

भागीरथी दारात आली. लेकीकडे बघून तिने पदराने डोळे पुसले.

"आता कुनाची वाट बघताय?" ती नवऱ्यावर डाफरली. "फोडा की सुपारी."

मच्छिंद्रने हळूच वाटीत बोट बुडवलं.