मिटलेला हिरवा डोळा

जैनाबादच्या केळीच्या वखारीपुढचा मंडप दर गुरुवारी इतका भरे, की तापीच्या पुलावर रिक्षा अडकून पडत. तेजोनिधी महाराजांकडे लोक पूर्वी पोटदुखी आणि न जुळणारी लग्नं घेऊन यायचे. आता स्मार्टवॉच घेऊन यायला लागले होते. रोज चार्जरला लावावी लागणारी घडी महाराजांच्या हाताखालून गेली की आठवडाभर चालते, असा गवगवा झाला होता. तो खोटाही नव्हता. घडी खरंच चालायची, आणि पंचाईत तिथेच होती.

त्या गुरुवारी कौशल्याबाई पदरात नवऱ्याची घडी घेऊन पुढेच बसल्या होत्या. पेपर मिलमधून निवृत्त झालेल्या नामदेवनानांच्या हृदयाचे ठोके मधूनच बिघडायचे, म्हणून इंदूरला नोकरी करणाऱ्या योगेंद्रने, त्यांच्या मुलाने, ती पाठवली होती. ठोके चुकले की ती मनगटावर थरथरायची आणि सुनेच्या, वर्षाच्या, फोनवर इशारा जायचा. दिवाळीआधी असाच इशारा आला, नानांना लगेच दवाखान्यात नेलं आणि वेळ निभावली.

पण घडी रोज उतरवून चार्ज करायची, आणि नाना ती पुन्हा बांधायला विसरायचे. वर्षा शाळेत विज्ञान शिकवायला गेली की मागे आठवण करून देणाऱ्या एकट्या कौशल्याबाई. घडी उतरवलेली असतानाच काही झालं तर, या विचाराने त्यांच्या जिवाला घोर लागला होता. तो घोर त्यांना मंडपात घेऊन आला.

महाराजांनी घडी हातात घेतली. “माय, ही दिवसभर बोलते, चमकते. जो जादा बोलतो तो थकतो की नाही?” मंडप हसला. महाराजांनी घडी उलटी करून वर धरली. पाठीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. “अन् हा बघा हिरवा डोळा. रात्रंदिन तुमच्या रगतावर नजर ठेवून राहिला. तेज पितो हा, तेज. याला मौनदीक्षा देऊ. डोळा मिटला की समजा नजर उतरली.”

मीठ-मिरच्या ओवाळून मुलानातवंडांची नजर काढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. कौशल्याबाईंना ते तिथल्या तिथे पटलं.

घड्यांची थाळी केळीच्या पानाने झाकून पडद्यामागे गेली. तिच्यामागे उमेश नावाचा शिष्य गेला. बाहेर शंख, झांजा आणि गजर यांनी कान किटले. बऱ्याच वेळाने थाळी परत आली, तेव्हा सगळ्या घड्यांचे डोळे मिटलेले होते. महाराजांनी बजावलं, “बटनं दाबू नका. मौन मोडलं तर जबाबदारी तुमची.”

घडी आठवडाभर चालली, पुढच्या आठवड्यातही चालली. नानांच्या मनगटावरून ती उतरेना, तशा कौशल्याबाई सुखावल्या. वर्षाने चार्जिंगचं विचारलं की त्या “केलं ना बाई” म्हणून वेळ मारून नेत, कारण सून महाराजांना हसेल ही भीती. फोनवर इशारा येत नव्हता. म्हणजे सगळं ठीक आहे, असं वर्षाही समजून चालली.

मग एका सकाळी चहा पिताना नानांच्या हातून बशी निसटली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंड एका बाजूला गेलं आणि शब्द फुटेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “ठोके कधीपासून बिघडलेत? घडीत दिसेल.” वर्षाने फोन उघडला. मंडपातल्या गुरुवारनंतर ठोक्यांची एकही नोंद नव्हती.

“ठोके बिघडले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. तीच मेंदूत गेलीय,” डॉक्टर म्हणाले. “आधी कळलं असतंच, असं मी छातीठोक नाही सांगत. पण कळायची सोय होती.”

बाहेरच्या बाकावर वर्षाने विचारलं, “आई, त्या गुरुवारी घडी कोणाच्या हातात दिली होती?” कौशल्याबाईंनी सगळं सांगितलं. वर्षा रागावली नाही. तिने घडीच्या काचेवर बोट सरकवलं, बॅटरीचं चित्र दाबलं आणि घडी उलटी केली. हिरवा दिवा लागला.

“हे बॅटरी सेव्हरचं बटन, आई. कंपनीच देते. ते चालू केलं की ठोके मोजणं बंद, थरथर बंद, फोनला कळवणं बंद. नुसती वेळ दाखवते. हिरव्या उजेडातच ती नाडी बघते, अन् त्यालाच बॅटरी लागते.”

“म्हणजे ती नजर…”

“नानांवर लक्ष ठेवणारी होती.”

कौशल्याबाईंनी घडी हातात घेतली. मग म्हणाल्या, “मीच मिटवून आणला गं डोळा,” आणि तिथेच रडू लागल्या.

नाना वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला, आणि बोलणं गेलं.

नाना घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी कौशल्याबाई पुन्हा मंडपात गेल्या. निंबोल्याहून आलेली लीला नावाची सून सासूची घडी थाळीत ठेवत होती. कौशल्याबाईंनी तिच्या हातातून ती मागून घेतली आणि लोकांकडे वळल्या.

“हे बघा. हिरवा डोळा चालू आहे.” त्यांनी बोट सरकवलं, चित्र दाबलं. “मिटला. शंख नाही, पडदा नाही. पुन्हा दाबलं. उघडला. पडद्यामागं उमेश हेच करतो.”

उमेश पडद्याआड सरकला. मंडपात कुजबुज वाढली. महाराज हसत म्हणाले, “माई, तुमची श्रद्धा कमी पडली.”

“श्रद्धा कमी असती तर माझा माणूस बोलता राहिला असता, महाराज.”

मागून एकाने विचारलं, “पण मावशी, घडी जादा चालते ना?”

“चालते की. मीपण तेच बघून खुश झाली होती. वेळच बघायची असेल तर दाबा ते बटन घरी बसून. पण कोणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, याच्यासाठी बंद काय केलं? मी विचारलं नाही. महाराजांना सांगायची गरज वाटली नाही.”

काही लोक थाळीतून आपापली घडी उचलून निघून गेले. बरेच तसेच बसून राहिले, आणि झांजा पुन्हा वाजू लागल्या. लीला तेवढी कौशल्याबाईंच्या मागोमाग वखारीच्या फाटकापर्यंत आली.

“सासूबाईंचं हार्टचं ऑपरेशन झालंय, मावशी,” ती म्हणाली. “मला दाखवून द्या, चालू आहे की बंद ते कसं ओळखायचं.”

कौशल्याबाईंनी तिचं बोट धरून काचेवर ठेवलं आणि सावकाश दाखवायला सुरुवात केली.