रांगेत अडकलेलं उत्तर

मित्रांनो, मी एका रुग्णालयातला जुना राउटर आहे. भेटीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बसून मी इथल्या संगणकांची माहिती ज्याची त्याला पोचवतो. आता दमलो आहे. पंख्यात धूळ साचली आहे आणि अंग सतत तापलेलं असतं.

माहिती एकसारखी येत नाही. बराच वेळ सगळं शांत असतं आणि मग स्कॅन विभागातून चित्रांचा लोंढा येतो. म्हणून मला साठवणीसाठी मोठी जागा दिली होती. लगेच पुढे जाणार नाही, ते मी रांगेत धरून ठेवायचो. "याच्याकडून काही म्हणजे काही हरवत नाही," असं लोक म्हणायचे. बरं वाटायचं.

संसर्गाच्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांचे आता फार दिवस उरले नव्हते. आत कोणाला सोडत नसत, म्हणून आजोबा माझ्याशेजारी बसून पडद्यावर त्यांच्याशी बोलायचे. एकदा नेमका तेव्हाच लोंढा आला.

"दुखतंय का गं?" आजोबांनी विचारलं.

उत्तर नाही. आजींचं उत्तर माझ्या रांगेत, चित्रांच्या मागे उभं होतं.

"रागावलीस? उद्या येऊ नको का?"

तेवढ्यात आधीच्या प्रश्नाचं "हो" पोचलं. आजोबा उठले.

नेटवर्क सांभाळणाऱ्या ताई दारातच होत्या. "आजोबा, कुठे निघालात?"

"नको म्हणते ती. आता कशाला यायचं?"

ताईंनी हातातल्या लॅपटॉपवर माझी रांग पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, त्या नाही म्हणत तसं. बसा बघू!"

त्यांनी बोलण्याला रांगेच्या पुढून वेगळी वाट दिली आणि चित्रं थोडी थोडी सोडायला लावली.

स्कॅनवाले दादा तणतणत आले. "ताई, आमची चित्रं काय ताटकळत ठेवणार?"

"तातडीची आधीच जातील. बाकीची थांबू देत की. चित्र शिळं होत नाही, बोलणं होतं."

पडद्यावर आजी म्हणाल्या, "अहो, आजही दूध उतू घालवलंत ना?"

"तुला कसं कळलं?"

"तोंडावरून!"

दोघं एकदमच हसले. मग आजोबांनी पुन्हा विचारलं, "दुखतंय का गं?"

"दुखतंय. जाऊ नका, बसा जरा."

आजोबा बसले. आजी गेल्या त्या दिवसापर्यंत रोज येऊन बसले.

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा. आणि माणूस बोलत असेल, तर त्याला आधी वाट द्या. बाकीचं उशिरा पोचलं तरी चालतं.