बोटभर आखूड पायाची घोडी

मी एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, लगेच शेपूट शोधू नका. मी खिंकाळत नाही आणि दाणाही मागत नाही. रंगारी ज्या लाकडी घोडीवर चढून भिंत रंगवतो, तिच्याच नात्यातली मी. फक्त माझ्यावर कोणी चढत नाही. दोन लांब बांबू माथ्याशी एकत्र बांधलेले, मध्ये एक आडवी काठी, आणि माथ्यावरून लोंबणारी दोरी. दोरीच्या टोकाला एक दगड. एवढाच माझा संसार. उतारावरच्या कुठल्या दोन जागा एका पातळीत आहेत ते मी सांगते. मी कधी खोटं बोलत नाही असा माझा लौकिक होता. एका पावसाळ्यात मी खोटं बोलले, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला मावशीने बनवलं. ती कोणाची मावशी होती कोण जाणे, पण सगळे तिला मावशीच म्हणत. तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून दिल्यावर तिने ही टेकडीची उतरण घेतली. इथे विजेची तार नव्हती, नळ नव्हता, आणि जमीन म्हणाल तर तांबडी, टणक, कुदळ आपटली की कुदळच दुखावेल अशी. पाऊस मात्र उदंड. तो वरून यायचा, उतारावरून धावायचा आणि थोडीफार माती असेल तीही घेऊन जायचा. मावशीने छपरावर विजेसाठी सौरपट्ट्या बसवल्या, छपराचं पाणी टाकीत वळवलं, न्हाणीचं पाणी केळीच्या खड्ड्यात सोडलं. आणि मग धावणाऱ्या पाण्याला थांबवायला तिला मी हवी झाले.

तिने कोयत्याने दोन बांबू तोडले, तेही नुसत्या अंदाजाने. बांधून उभी केली तर माझा एक पाय बोटभर आखूड! मावशी खो खो हसली. पण तिने पाय बदलला नाही. दोन खुंट्या ठोकून मला त्यांच्यावर उभं केलं, दोरी आडव्या काठीवर जिथे टेकली तिथे कोळशाने खूण केली. मग मला उलटं फिरवलं, डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या. दुसरी खूण केली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिने खाच पाडली. ती खाच काठीच्या मध्यावर नव्हती, जराशी बाजूला होती. तरी तीच खरी होती. दोरी त्या खाचेवर आली की समजावं, माझे दोन्ही पाय एका पातळीत आहेत.

पुढे माझं काम सोपं होतं. मला उतारावर आडवं न्यायचं. दोरी खाचेवर आली की पुढच्या पायाशी खुंटी ठोकायची. मग मागचा पाय त्या खुंटीशी आणायचा आणि पुढचा आणखी पुढे टाकायचा. अशी पावला-पावलाने खुंट्यांची रांग होते. त्या रांगेने चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला रचून बांध करायचा. पाणी येतं, चरात उभं राहतं आणि शांतपणे जमिनीत उतरतं. इतर ठिकाणी कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं की लोक संशयाने बघतात. आमच्याकडे तेच ऐकलं की मावशीचा जीव भांड्यात पडायचा.

मी दोन चर आखले. दोन्ही टिकले. त्यांच्या खाली नऊ वर्षांत पपई, शेवगा, केळी, कंद यांची दाटी झाली. खालच्या वाफ्यातली माती इतकी काळी आणि भुसभुशीत झाली की मावशी पाहुण्यांना मनगटापर्यंत हात घालायला लावायची. लोक शिकायला येऊ लागले. ते या शेतीला पर्माकल्चर म्हणत. मावशी म्हणायची, "मोठं नाव आहे. मी आपली जमिनीच्या कलाने घेते." येणारे माझ्याबरोबर फोटो काढून घेत. मी थोडी चढूनही गेले होते, खोटं कशाला बोलू.

मावशी माझी सतत थट्टा करायची. "माझी लंगडी," म्हणायची. "एकदा हिचे पाय सारखे करायला हवेत गं बाई!" रोज सकाळी मला खांद्यावर घेताना हे वाक्य ठरलेलं. त्यात माया होती हे मला कळत होतं. इतरांनाही कळेल असं आम्हा दोघींना वाटलं, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

एके वर्षी एक शिंपीणताई शिकायला आली. चाळिशीची, बारीक अंगाची, गळ्यात सवयीने मोजपट्टी. वीस वर्षं गल्लीतल्या लहानशा दुकानात ती शिवणकाम करत होती. मशीन बहिणीकडे ठेवून सहा महिन्यांसाठी ती इथे आली, पण पहिल्याच आठवड्यात तिचा जीव इथे लागला. तिला सगळं कपड्यात समजायचं. माती उन्हात उघडी ठेवायची नाही, तिच्यावर पालापाचोळा पसरायचा, हे मावशीने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अस्तर लावायचं." तेव्हापासून मावशीही अस्तरच म्हणू लागली. कोरड्या संडासात भुसा किती टाकायचा, कुठल्या झाडाशेजारी कुठलं लावायचं, सगळं ती वहीत नक्षीसारखं काढून ठेवायची.

मावशीचे गुडघे तेव्हा फार दुखत. तिच्यामागे शेत बघणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी ती शिंपीणताईला म्हणाली, "वरचा तिसरा चर तू आख. एकटीने. हा पावसाळा तो टिकला, तर ही उतरण मी तुझ्या हाती देते. मला डोळे मिटायच्या आत कोणाच्या तरी ओंजळीत ही माती टाकायची आहे."

शिंपीणताईने वाकून मावशीच्या पायाला हात लावला. "गुडघ्याला नको गं, दुखतो!" असं म्हणून मावशीने वेळ हसण्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला खुंट्यांवर उलटसुलट फिरवून दाखवलं. खाच बरोबर निघाली. "बघितलंस? आता उद्यापासून लाग कामाला," म्हणून ती आत गेली.

त्याच दुपारी, मावशी आडवी झाली असताना, शिंपीणताई अवजारांच्या खोलीत आली. तिने मला जमिनीवर निजवलं. मोजपट्टीने माझे दोन्ही पाय मोजले आणि जीभ चावली. पँटचा एक पाय बोटभर आखूड शिवून गिऱ्हाईकाला दिला तर काय होईल, तसा तिचा चेहरा झाला. मावशीचं ते रोजचं वाक्य तिने मनावर घेतलं होतं. तिने करवत आणली आणि माझा लांब पाय बोटभर कापला. टोक कानशीने घासलं. बांबू चिरू नये म्हणून शिवणाचा जाड दोरा त्याला घट्ट गुंडाळून गाठ आत लपवली. मग मला उभं करून दोन पावलं मागे गेली आणि खुदकन हसली. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही पाय सारखे झाले होते.

पण खाच जुन्या जागीच होती ना! ती आखूड पायासाठी पाडलेली खाच. पाय सारखे झाले आणि मी खोटी ठरले. मला पुन्हा खुंट्यांवर उलटून पाहायला हवं होतं. ते तिच्या मनातही आलं नाही, कारण सकाळीच तर मावशीने मला पारखलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसरा चर आखला. दोरी खाचेवर आली की ती आनंदाने खुंटी ठोकायची, आणि दर पावलाला मी तिला बोटभर खाली नेत होते. बोटभर उतार डोळ्यांना दिसत नाही. तीस पावलांत मात्र तो गुडघाभर होतो. मित्रांनो, पहिल्याच खुंटीला मला ओरडावंसं वाटलं. पण दगड दोरीला लोंबत राहिला आणि मी नुसतीच उभी राहिले. मावशी ओसरीवरून काठी उंचावून "शाब्बास!" म्हणत होती.

पंधरा दिवस खणून चर झाला. बांधावर तिने अस्तर लावलं, रोपं लावली. हलक्या सरी आल्या तेव्हा सगळं छान वाटलं. मग एका दुपारी तो मुसळधार पाऊस आला. चरात आलेलं पाणी उभं राहिलंच नाही. ते एका टोकाकडे धावलं, तिथे साचलं, आणि बांध फोडून खाली कोसळलं. त्याने दुसरा चर भरला, तोही फुटला. तासाभरात नऊ वर्षांची काळी माती वाफ्यातून निघून गेली आणि खालची तांबडी जमीन उघडी पडली. मावशी छत्री न घेता उभी होती. तिने वाफ्यात हात घातला. बोटांची पेरंसुद्धा आत गेली नाहीत.

ती काहीच बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. शिंपीणताई जेवणाचं ताट ठेवायची, मावशी मान वळवायची. मावशीला वाटलं, पोरीने घाई केली, दोरीकडे लक्ष दिलं नाही. शिंपीणताईला वाटलं, आपल्याला जमिनीची नजरच नाही. पाचव्या दिवशी ती पिशवी भरून ओसरीवर आली.

"मावशी, जाते मी."

"जशी तुझी इच्छा," मावशी म्हणाली. तेवढंच. वाटेवरच्या वळणापर्यंत शिंपीणताईने तीनदा मागे पाहिलं. मला अवजारांच्या खोलीच्या दारातून दिसत होतं.

पाऊस सरल्यावर दाराची बिजागरी बसवायला सुतारकाका आले. फुटलेला चर नव्याने आखायचा म्हणून मावशीने मला बाहेर काढलं आणि सवयीने खुंट्यांवर उलटून पाहिलं. दोन खुणा पडल्या, पण त्यांचा मध्य काही खाचेवर येईना. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुतारकाकांनी मला उचललं, पाय निरखले.

"मावशी, हिचा पाय कापलाय कोणीतरी. सारखा केलाय."

"काय सांगताय?"

"हे बघा ना. कानशीने घासलाय, वर दोरा गुंडाळलाय. किती मनापासून केलंय! मला नसतं जमलं असं."

मावशीने त्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग ती खाली जमिनीवरच बसली, गुडघे दुखतात हेही विसरली. "अहो, मीच म्हणत होते," ती म्हणाली. "रोज म्हणत होते, हिचे पाय सारखे करायला हवेत." तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने शिंपीणताईच्या गावी गेली. तिसऱ्या दिवशी परतली, एकटीच. सुतारकाका वाट पाहत ओसरीवर बसले होते.

"भेटली?"

"भेटली. दुकान पुन्हा सुरू केलंय. मी सगळं सांगितलं, हात जोडले. म्हटलं, चल, माती पुन्हा करू."

"मग?"

"म्हणाली, मावशी, त्या चार दिवसांत एकदा तरी विचारायचंत, काय केलंस गं म्हणून. मी लगेच सांगितलं असतं, घोडीचा पाय कापला. तुम्हाला आवडेल म्हणून तर केलं होतं." मावशीने हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हणाली, आता मातीला हात लावायची भीती वाटते मला. मशीनवर बसले की बरं वाटतं. चहा करून दिला तिने. गाडीपर्यंत सोडायलाही आली."

त्यानंतर मावशीने नवा चर आखला नाही. पुढच्या वर्षी ती शहरातल्या एका भाच्याकडे राहायला जाणार आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर घर आहे म्हणे. उतरणीवर गवत माजलं आहे, आणि पाऊस पुन्हा पूर्वीसारखा धावत खाली जातो.

मित्रांनो, अवजार दुरुस्त केलंत तर ते पुन्हा पारखून घ्या, एवढं तर तुम्ही कराच. पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. आपल्या माणसाच्या हातून काही बिघडलं, तर गप्प बसू नका. रागवा हवं तर, पण विचारा. मी बांबूची. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. त्या दोघींना होतं.