ढगांवरचा तांबडा उजेड

व्हर्लन स्टकी कॅन्ससमध्ये टपालाचं विमान उडवायचा. १९७८च्या जूनमध्ये न्याहारी करता करता तो लेकीला, लोर्नाला म्हणाला, "काल वादळाला वळसा घालून येत होतो. खाली वीज पडली आणि ढगांच्या कितीतरी वर, मोकळ्या आभाळात, तांबडं काहीतरी उमटलं. गाजरासारखं, खाली मुळं लोंबत होती. पापणी लवायच्या आत गेलं."

लोर्ना नुकतीच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागली होती. "डॅड, आभाळात गाजरं पिकत नाहीत," ती हसली.

"तिसऱ्यांदा दिसलंय."

मग मात्र तिला धास्ती वाटली. तीच त्याला वैमानिकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथंही तिनंच सगळं सांगितलं. तपासणीत काही निघालं नाही, पण कागदावर 'भास होतात' असा शेरा पडला आणि परवाना गेला तो गेलाच. व्हर्लन धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसू लागला. लेकीला तो एका शब्दानं बोलला नाही.

सोळा वर्षांनी कॉलेजच्या वाचनालयात एका नियतकालिकात लोर्नाला फोटो दिसले. जबरदस्त वीज जमिनीवर कोसळली की सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवरची विरळ हवा क्षणभर तांबडी उजळते, असं खाली लिहिलं होतं. ती तो अंक घेऊन तडक घरी गेली. व्हर्लन मागच्या ओट्यावर वाटाणे सोलत होता. त्यानं अंक डोळ्यांशी नेला.

"मुळं निळसर होती. हे बरोबर आलंय."

"डॅड, त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं असतं तर..."

"घाबरली होतीस तू."

"त्याच्याआधी हसले होते."

त्यानं दोन-तीन शेंगा सोलल्या. "हसलीस त्याचं काही नाही गं. एकदा तुला शेजारी बसवून न्यावं, दाखवावं, असं मनात होतं. तेवढं राहून गेलं."

"जमिनीवरूनही दिसतं म्हणे. चल ना, जाऊ."

"मला आता कुंपणापलीकडचं दिसत नाही. तू बघ, मला सांग."

त्या उन्हाळ्यात लोर्ना वादळं दूर क्षितिजावर असताना चारदा माळावर जाऊन बसली. एकदाही काही दिसलं नाही. दर वेळी ती घरी फोन करून तसं सांगायची आणि तो म्हणायचा, "बरं. जेवलीस का?"